जागतिक प्रदर्शनांची जुनी पोस्टकार्डं जमवताना: आधी पाठ वाचा, मग चित्र

गोव्यात 'एक्स्पोझिशन' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते जुन्या गोव्यातलं गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवदर्शन. त्यामुळे जागतिक प्रदर्शनांची जुनी पोस्टकार्डं जमवायला निघालेला इथला नवखा माणूस पहिल्यांदा चकतो तो याच शब्दावर. पोर्तुगीजमध्ये दोन्हींना शब्द एकच, 'एश्पोझिसांव'. त्यात १९३१ साल तर मुद्दाम गोंधळ घालायला आल्यासारखं. त्या वर्षी मे ते नोव्हेंबर पॅरिसच्या व्हॅन्सेन भागात वसाहतींचं अवाढव्य प्रदर्शन भरलं, त्यात पोर्तुगालचीही दालनं होती. आणि ते संपतं न संपतं तोच डिसेंबरात जुन्या गोव्यात शवदर्शन सुरू झालं. कार्डावर 'एश्पोझिसांव १९३१' एवढंच दिसलं तर खिशात हात घालू नका. बॉम जेझूस, से कॅथेड्रल, चांदीची पेटी, मिरवणूक यातलं काही चित्रात असेल तर ते कार्ड शवदर्शनाचं. तेही जमवण्याजोगंच, पण त्याचा खण वेगळा.

कुठलं प्रदर्शन धरायचं

एकच धरा. 'सगळी जागतिक प्रदर्शनं' असं ठरवलं की सहा महिन्यांत कार्डांचा ढीग होतो, संग्रह होत नाही.

निवडण्याआधी काळाची चौकट माहीत हवी. पोस्टकार्ड ही वस्तूच जन्माला आली १ ऑक्टोबर १८६९ रोजी, ऑस्ट्रियात. म्हणजे लंडनच्या १८५१ च्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनाचं त्या काळातलं पोस्टकार्ड असूच शकत नाही. 'क्रिस्टल पॅलेस' लिहिलेली जी कार्डं मिळतात ती सिडनहॅमला हलवून उभारलेल्या इमारतीची. ती १९३६ मध्ये जळेपर्यंत तिथं होती. प्रदर्शनाची आठवण म्हणून सचित्र कार्ड विकण्याची चाल रुजली ती पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनात, आयफेल टॉवरच्या कार्डांनी. १८९३ मध्ये शिकागोला चार्ल्स गोल्डस्मिथने अधिकृत रंगीत कार्डं काढली आणि १९०० च्या पॅरिसपासून तर पूरच आला. सेंट लुईस १९०४, लंडनचं फ्रँको-ब्रिटिश १९०८, ब्रुसेल्स १९१०, सॅन फ्रान्सिस्को १९१५, लंडनजवळचं वेम्ब्ली १९२४-२५, शिकागो १९३३-३४, न्यूयॉर्क १९३९-४०, ब्रुसेल्स १९५८ अशी ती रांग पुढे जाते.

नवख्याने वेम्ब्लीपासून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. कार्डं मुबलक छापली गेली, मजकूर इंग्रजीत आहे, भारताचं मोठं पांढरं घुमटांचं दालन आहे, आणि स्वस्तात चुका करता येतात. प्रदर्शन दोन हंगामांत भरलं (२३ एप्रिल ते १ नोव्हेंबर १९२४ आणि ९ मे ते ३१ ऑक्टोबर १९२५), त्यामुळे तारखा लावायचा सरावही होतो. त्यासाठी ब्रिटनने काढलेल्या पहिल्या स्मारक तिकिटांवर सिंह आहे आणि सालही छापलेलं आहे. १९२५ च्या तिकिटावर ते बदललं. १९२४ चा शिक्का आणि १९२५ चं तिकीट असं कार्ड समोर आलं तर कुणीतरी नंतर तिकीट चिकटवलंय.

घरात पोर्तुगीज वाचणारी आजी किंवा आजोबा असतील तर मात्र तुमच्या हातात असं हत्यार आहे जे पुण्या-मुंबईच्या संग्राहकाकडे नाही. पोर्तुगालमधल्या पोर्तु शहराचं १९३४ चं वसाहत प्रदर्शन आणि लिस्बनचं १९४० चं 'पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन' ही दोन धरा. काटेकोर अर्थाने ती जागतिक प्रदर्शनं नव्हेत, साम्राज्याने स्वतःच्या कौतुकासाठी भरवलेली होती. पण कार्डं त्याच धाटणीची, आणि मागचा मजकूर वाचता आला तर साध्या कार्डाची किंमत कळते. पोर्तुची छायाचित्रं आल्व्हांव स्टुडिओची. त्यांत वसाहतींतून आणून प्रेक्षकांपुढे उभी केलेली माणसंही आहेत. सेंट लुईसला फिलिपिन्सच्या इगोरोत लोकांचं तेच झालं. अशी कार्डं संग्रहात ठेवायची की नाही हे आधीच ठरवा, आणि ठेवलीत तर नोंदीत छापील मथळ्याच्या जोडीला चित्रात खरं काय चाललंय तेही लिहा.

शिकागो १८९३ पासून सुरुवात नको. कार्डं महाग आहेत आणि पुनर्मुद्रणंही फिरतात. गोल्डस्मिथच्या अधिकृत कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला अमेरिकी अध्यक्ष ग्रँट यांच्या चित्राचं एक सेंटचं तिकीट छापलेलंच असतं, एवढं लक्षात ठेवून ते दोन वर्षांनी घ्या.

काय काय लागतं

दहा पटीचं भिंग (घड्याळजी वापरतात ते चालतं), मिलिमीटरची पट्टी, नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च, मऊ पेन्सिल, पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटं. आर्द्रतामापक हवाच, त्याचं काम पुढे येतं. पांढरे हातमोजे नकोत. त्यांनी बोटांना कोपरा जाणवत नाही आणि नेमका तोच दुमडतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि कार्ड कडांनी धरा.

पाठ कशी वाचायची

कार्ड हातात आलं की आधी उलटं करा. चित्र फसवतं, पाठ क्वचितच फसवते.

पाठीवर मधोमध उभी रेघ आहे का ते बघा. सुरुवातीला टपालखात्याचा नियम होता की मागची अख्खी बाजू पत्त्याची, मजकूर लिहायचा तो चित्राच्या बाजूला. मग एकेका देशाने पाठ दुभागायला परवानगी दिली: ब्रिटनने १९०२ मध्ये, फ्रान्सने १९०३ च्या अखेरीस, जर्मनीने १९०५ मध्ये, अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. त्यामुळे पॅरिस १९०० चं म्हणून विकलेलं कार्ड दुभागलेल्या पाठीचं निघालं तर ते प्रदर्शनाच्या वेळचं नाही. त्या प्रदर्शनासाठी बांधलेला ग्राँ पाले महाल अजून उभा आहे, त्याची कार्डं पुढे वर्षानुवर्षं निघत राहिली. त्रोकादेरो महालाचं तर विचारूच नका. तो १८७८ च्या प्रदर्शनासाठी बांधला आणि १९३० च्या दशकात पाडला. त्याची बहुतेक कार्डं म्हणजे पॅरिस शहराची साधी दृश्यं.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. जुन्या अखंड पाठीच्या कार्डावर चित्राच्या कडेने शाईत मजकूर खरडलेला असतो आणि नवखा माणूस 'खराब केलंय' म्हणून ते परत ठेवतो. तो दोष नव्हे. त्या काळी लिहायला दुसरी जागाच नव्हती. प्रदर्शनाच्या आवारातून, प्रदर्शन चालू असताना लिहिलेल्या दोन ओळी असल्या तर उलट ते कार्ड आधी घ्या.

अमेरिकन कार्डावर 'प्रायव्हेट मेलिंग कार्ड' आणि १९ मे १८९८ च्या कायद्याचा उल्लेख असेल तर ते १८९८ ते १९०१ च्या अखेरपर्यंतचं. बफेलोचं १९०१ चं पॅन-अमेरिकन प्रदर्शन याच खिडकीत बसतं. खऱ्या छायाचित्राचं कार्ड असेल तर तिकिटाच्या चौकोनात कागद बनवणाऱ्याचं नाव सापडतं. 'एझो' असेल आणि चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद १९०४ ते १९१८ चा. त्रिकोणांच्या जागी चौकोन असतील तर तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचा, मग चित्रात सेंट लुईस असो नाहीतर साक्षात इंद्राची अमरावती.

प्रकाशकाचं नावही पाठीवरच किंवा कडेला असतं. सेंट लुईसला सॅम्युएल कपल्स, फ्रँको-ब्रिटिशला व्हॅलेंटाइन, सॅन फ्रान्सिस्कोला कार्डिनेल-व्हिन्सेंट, पॅरिस १९३१ ला ब्राँ. ही अधिकृत नावं पाठ झाली की बाकीची आपोआप वेगळी पडतात.

टपालाचा शिक्का तारखेसाठी वाचाच, पण जागेसाठीही वाचा. वेम्ब्ली प्रदर्शनाची जाहिरात करणारा शिक्का ब्रिटनभरच्या टपालावर मारला जाई. तेवढ्यावरून कार्ड आवारातून टाकलं असं ठरत नाही. 'वेम्ब्ली पार्क' हे नाव शोधा.

मग चित्र

आता भिंग. उघड्या डोळ्यांना सारखी दिसणारी चार कार्डं भिंगाखाली चार जातींची निघतात. दगडी छपाईच्या रंगीत कार्डात रंगांचे वेडेवाकडे ठिपके आणि सपाट पट्टे दिसतात. फ्रेंच-बेल्जियन करड्या कार्डांत बहुधा कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून होणारी छपाई): वाळलेल्या चिखलाला पडतात तशा बारीक, अनियमित सुरकुत्या. जाळीच्या छपाईत ठिपके ओळीने मांडलेले. खऱ्या छायाचित्रात ठिपका नाहीच. काळ्यातून पांढऱ्यात जाणारी छटा सलग, आणि जुनं असेल तर तिरपं धरल्यावर काळ्या भागांच्या कडेला चंदेरी झाक. हाताने रंगवलेलं म्हणून विकलेल्या कार्डात चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसली तर ती अलीकडची नक्कल.

माप घ्या. पहिल्या महायुद्धापर्यंतचं नेहमीचं कार्ड साधारण ९ × १४ सेंटिमीटर. १०.५ × १४.८ असेल तर जपून. पुनर्मुद्रणं बहुधा या मापाची असतात. माप ९ × १४ पेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी आणि एक कड बाकीच्यांपेक्षा पांढरी-ताजी असेल तर कोपरे खराब झाले म्हणून कुणीतरी कातरलंय.

जांभळा टॉर्च अंधाऱ्या खोलीत मारा. १९५० च्या आसपासपासून कागदात उजळपणासाठी रसायन घालू लागले. असा कागद निळसर-पांढरा चमकतो. १९०४ चं कार्ड चमकलं तर विषय संपला. पण चमकलं नाही म्हणून जुनं असं नव्हे, ही चाचणी एकाच बाजूने चालते.

सेंट लुईसच्या दोन जातींबद्दल थोडं सविस्तर, कारण हमखास बिघडतात त्या याच. कपल्सच्या चंदेरी पार्श्वभूमीच्या कार्डांत ती चांदी काळवंडते, विशेषतः कडांना. नवखा माणूस ती रबराने किंवा मऊ कापडाने पुसतो आणि चांदीच उचलली जाते, खालचा पांढरा पुठ्ठा दिसायला लागतो. काळपटपणा तसाच ठेवा. दुसरी जात उजेडापुढे धरायच्या कार्डांची. ती थरांची असतात: वरच्या थरात खिडक्या-दिवे कापून काढलेले, आत पातळ रंगीत कागद, खाली पाठ. दिव्यापुढे धरलं की प्रदर्शनाची इमारत रात्रीसारखी उजळते. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून दिव्यापुढे धरलेला फोटो मागा. खिडकीत एखादा चौकोन पांढरा भगभगीत दिसला तर आतला कागद फाटलाय, आणि कडेला थर सुटलेले असतील तर ओल लागून गोंद गेलाय.

कुठं घ्यायची, आणि पावसात नको

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात जुनी कार्डं दिसली तर दिसली, भरवसा ठेवू नये. जुनं घर मोडताना निघणाऱ्या ट्रंकांत जास्त शक्यता, कारण गोव्यातली घरटी माणसं लिस्बन, आफ्रिका, मुंबई, जहाजं अशी विखुरलेली होती आणि कार्डं घरी येत. भंगारवाल्याआधी तिथं पोहोचा. अख्खा गठ्ठा मागा. घरच्यांना पत्रं परत हवी असतील तर फोटो काढून द्या.

बाकी खरेदी ऑनलाइनच. युरोपातल्या प्रदर्शनांसाठी देलकांप ही संग्राहकांची साइट, अमेरिकेतल्यांसाठी ईबे. तिथल्या साध्या कार्डापेक्षा टपालखर्च जास्त पडतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दहा-बारा कार्डं एकदम घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो नसतील तर घेऊ नका. पाठीचा फोटो टाळणारा विक्रेता बहुधा फाडून काढलेल्या तिकिटाची जागा लपवत असतो.

पॅकिंगचं नेमकं सांगा: कार्ड पारदर्शक पाकिटात, दोन्ही बाजूंनी कार्डापेक्षा एकेक सेंटिमीटर मोठे ताठ पुठ्ठे, सगळं झिपच्या पिशवीत, मग लिफाफा. जून ते सप्टेंबर काही मागवू नका. विक्रेत्याला सरळ लिहा की नवरात्रानंतर पाठव. बहुतेक जण थांबतात. किंमत खरी लिहायला सांगा, कस्टममध्ये पार्सल अडलं की तेच उपयोगी पडतं.

उलट दिशेने, म्हणजे अदलाबदलीसाठी परदेशी पाठवताना सावध राहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झालेल्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पुरातत्त्व खात्याकडे विचारून मगच पाठवा.

पावसाळा

खरी परीक्षा इथं. चिऱ्याच्या भिंती जूनपासून ओल ओढतात, आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटाचा मागचा भाग चवथीपर्यंत करडा होतो. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पासष्टच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून किमान हातभर लांब, तळाचा खण रिकामा. कार्डं कपाटात मोकळी नकोत. घट्ट झाकणाच्या, रबरी कड असलेल्या डब्यात. दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल, सुती पिशवीत घालून. नारंगी रंगाचं घ्या. ओल शोषल्यावर ते हिरवट होतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर पातळ थर पसरून दोन-तीन तास तापवा, झाकून थंड करा, परत घाला. डब्यात आर्द्रतामापक ठेवा. चाळीसच्या खाली गेलं तर निम्मं जेल काढा, अति कोरड्याने कार्डं वळतात. डबा भरायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना. जुलैत भरलात तर आत जुलैच बंद होतो.

पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं. ज्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी. ते कार्डाला चिकटतं आणि शाई उचलतं. छायाचित्र कार्डांचं आणखी एक नाजूक दुखणं आहे. त्यांच्या पृष्ठभागावर जिलेटिन असतं, दमट हवेत ते मऊ होऊन गुळगुळीत प्लास्टिकला चिकटतं आणि सुटताना चकचकीत डाग राहतो. अशा कार्डांना पावसाळ्यात आम्लरहित कागदाचं पाकीट द्या. चिकटलंच तर ओढू नका. डब्यात जेलसोबत पंधरा-वीस दिवस ठेवा, बहुधा आपोआप सुटतं. थरांची कार्डं आडवी, वर हलका पुठ्ठा ठेवून.

लॅमिनेशन करू नका. हे इतक्या वेळा झालेलं आहे की वेगळं लिहावं लागतं. गरम प्लास्टिक चिकटलं की कार्ड परत मिळत नाही, आणि पुढे कुणी विकतही घेत नाही. सेलोटेप नको, चिकट पानांचे फोटो अल्बम नकोत. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. तिकीट भिजवून काढायचा मोह होईल. कार्डावरचं तिकीट आणि शिक्का मिळूनच पुरावा असतो.

कसर किंवा किड्यांची शंका असलेला गठ्ठा सरळ डब्यात जाऊ देऊ नका. झिपच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बांगड्यांपासून शक्य तेवढं दूर. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. बुरशी मऊ ब्रशने झाडायची ती आधी कार्ड सावलीत पूर्ण वाळवून, नाकाला मास्क लावून, घराबाहेर. ओली बुरशी पुसली की ती कागदात घुसते. तपकिरी ठिपके मात्र जाणार नाहीत. कुणी ब्लीच सुचवलं तर ऐकू नका.

नोंद

प्रत्येक कार्डाचं दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करा. क्रमांक पाकिटावर लिहा, कार्डावर नको. वहीत किंवा शीटमध्ये: प्रदर्शन आणि साल, चित्रातली इमारत, प्रकाशक व मालिका क्रमांक, पाठ अखंड की दुभागलेली, छपाईची जात, शिक्क्याची तारीख व जागा, दोष, कुठून घेतलं, किती दिले. मजकूर हाती लिहिलेला असेल तर तो मूळ भाषेत उतरवून मगच मराठी करा. पोर्तुगीज हस्ताक्षर अडलं तर वाचणारं माणूस शेजारपाजारी असण्याची शक्यता गोव्यात अजून आहे. संदर्भाला पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा ग्रंथालय आणि पर्वरीचं झेवियर संशोधन केंद्र. तिथं मूळ कार्डं घेऊन जाण्यापेक्षा स्कॅनच्या छापील प्रती न्या, विशेषतः जुलैत.